पडद्याची दोरी की गळ्याचा फास?

ऊन अडवायला आणि घर सजवायला आपण खिडक्यांना नव्या तऱ्हेचे पडदे लावतो. पण त्यांच्या कडेने लोंबणारी दोरी किंवा मण्यांची साखळी घरातल्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. हा धोका नेमका कशात आहे, जगाने त्यावर कोणते उपाय केले आणि आपला ग्राहक कायदा आपल्या हातात काय देतो, याची प्रत्येक आईबापाने वाचावी अशी माहिती.

मे महिन्यातली दुपार होती. बंगळूरला व्हाइटफील्ड भागात माझी ताई राहते. दहाव्या मजल्यावरचे भाड्याचे घर, पश्चिमेची मोठी खिडकी. दुपारी ऊन थेट दिवाणखान्यात येते, म्हणून तिथे वर गुंडाळला जाणारा पडदा आहे. तो ताईने लावलेला नव्हता. आधीच्या भाडेकरूने लावला आणि जाताना तसाच ठेवून गेला. ताईला तेव्हा बरेच वाटले होते, 'चला, एक खर्च वाचला!'

त्या दिवशी ताई आणि भाऊजी कामावर गेले होते. आई आणि मी सुट्टीसाठी पुण्याहून आलो होतो. मी आतल्या खोलीत लिहीत बसले होते, आई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती. दोन वर्षांचा भाचा खिडकीखालच्या दिवाणावर गाडी फिरवत होता. तोंडाने त्याचे 'घुर्र घुर्र' चालू होते. एकाएकी तो आवाज थांबला.

"अगं, याचा आवाज का येत नाही?" असे म्हणत आई बाहेर आली आणि तिने किंकाळीच फोडली. पडद्याची मण्यांची साखळी भाच्याच्या गळ्याभोवती पडली होती आणि तो दिवाणाच्या कडेवरून खाली घसरला होता. पायाची बोटे जमिनीला टेकत होती. तो रडत नव्हता, हाकही मारत नव्हता. आईने हातातली जुडी टाकून त्याला उचलून वर धरले, मी धावत येऊन साखळी काढली. त्यानंतर तो जो रडला, ते रडणे आम्हा दोघींना देवाच्या प्रसादासारखे वाटले.

डॉक्टरांनी तपासले, दिवसभर लक्ष ठेवायला सांगितले. गळ्यावरचा लाल वळ चार दिवसांत गेला. पण आई अजून म्हणते, "तो रडला असता तर मी जेवढ्या वेगाने गेले असते, त्याहून वेगाने त्या दिवशी गेले. मूल गप्प झालं की उठावं, हे माझ्या आईनं मला शिकवलं होतं."

सगळ्याच घरांत त्या क्षणी आजी शेजारच्या खोलीत असेल असे नाही. म्हणून हा लेख.

आवाज का येत नाही?

मूल अडचणीत सापडले की ओरडेल, मग आपण धावू, अशी आपली समजूत असते. गळ्याला फास बसला की ही समजूत खोटी ठरते. गळा दाबला गेला की आवाजच फुटत नाही. त्यामुळे आई दहा पावलांवर असूनही तिला काही कळत नाही.

दुसरा गैरसमज असा की, फास लागायला मूल हवेत लटकायला हवे. तेही खरे नाही. मेंदूकडून रक्त परत आणणाऱ्या मानेतल्या शिरा दबायला साधारण दोन किलोचा भार पुरतो आणि मेंदूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या दबायला चार-पाच किलोचा, असे न्यायवैद्यकशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. हे आकडे मोठ्या माणसांचे आहेत. दोन वर्षांच्या मुलाचे वजन असते बाराएक किलो. म्हणजे गुडघे जमिनीला टेकलेले असताना, नुसते पुढे झुकल्यानेही फास आवळू शकतो.

त्यातच लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड, मानेचे स्नायू कच्चे आणि श्वासनलिका मऊ असते. मोठा माणूस दोरीत अडकला तर मागे सरतो, हाताने दोरी सैल करतो. दोन वर्षांच्या मुलाला हे सुचत नाही आणि त्याच्या अंगात तेवढे बळही नसते. ते घाबरून ओढते आणि दोरी आणखी आवळते. काही सेकंदांत शुद्ध हरपते, दोन-तीन मिनिटांत सारे संपू शकते.

सर्वांत अधिक धोका सोळा महिने ते तीन वर्षे या वयात. मूल चालायला, चढायला शिकलेले असते. पण काय करू नये हे त्याला कळत नसते. मण्यांची साखळी तर त्याच्या दृष्टीने माळच! ती गळ्यात घालून बघावी असे त्याला वाटले तर त्यात त्याचा काय दोष?

तीन पडदे, तीन धोके

आपल्याकडे वर्षानुवर्षे कापडाचे पडदे दांडीवर सरकवले जात. त्यांना दोरी नव्हती. बंगळूर, पुणे, मुंबईच्या नव्या इमारतींत काचेच्या मोठ्या खिडक्या आल्या आणि त्यांच्याबरोबर ऑफिसांतले 'ब्लाइंड्स' घरात शिरले. त्यांचे प्रकार समजून घेतले म्हणजे धोका कुठे दडला आहे ते कळते.

पहिला प्रकार आडव्या पट्ट्यांचा. पट्ट्या वर-खाली करायला कडेला दोऱ्या लोंबतात. पूर्वी या दोन दोऱ्यांची टोके खाली एकत्र जोडलेली असत, म्हणजे आयता फासच. शिवाय पट्ट्यांमधून ओवलेल्या आतल्या दोऱ्या असतात. त्या बाहेर ओढल्या तर त्यांचाही फास होतो. खिडकीशेजारी पाळणा किंवा पलंग असेल तर तान्हे मूलसुद्धा त्या ओढू शकते.

दुसरा रोमन पडदा. समोरून तो साध्या कापडासारखा दिसतो, घड्या घालत वर जातो. त्याच्या पाठीमागे मात्र कड्यांतून ओवलेल्या दोऱ्या असतात. मूल पडद्याआड लपायला गेले की मान नेमकी त्या दोरीत आणि कापडामध्ये येते. समोरून दोरी दिसतच नसल्याने आईबापांना संशयही येत नाही.

तिसरा गुंडाळला जाणारा किंवा उभ्या पट्ट्यांचा पडदा. याला मण्यांच्या साखळीचे अखंड वेटोळे असते. ताईकडचा हाच. ही साखळी भिंतीला ताणून अडकवण्यासाठी एक छोटी क्लिप असते. ती लावली तर साखळी घट्ट बसते, मुलाचे डोके तिच्यात जात नाही. लावली नाही तर साखळी मोकळी लोंबत राहते.

ताईच्या घरी ती क्लिप लावलेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी पडदे बसवणाऱ्या कारागिराला बोलावले. अर्धे हिंदी, अर्धे कन्नड बोलत त्याने जे सांगितले ते ऐकून मी थक्क झाले. "मॅडम, ही क्लिप बहुतेक वेळा पडद्याच्या खोक्यातच असते. पण भिंतीला आणखी भोकं पाडू नका असं घरवाले म्हणतात. कुणी विचारतही नाही. मग आम्ही ती बाजूला ठेवून देतो."

भाड्याचे घर, घरमालकाने घेतलेली भली मोठी अनामत रक्कम आणि घर सोडताना भिंतीवरच्या प्रत्येक भोकाचा हिशेब. बंगळूरला भाड्याने राहिलेल्या कुणालाही हे चित्र नवे नाही. दोन भोकांच्या धास्तीपायी मुलाच्या सुरक्षिततेची वस्तू खोक्यातच राहते.

अमेरिकेने काय केले?

हा धोका जगाला एका दिवसात कळला नाही. अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेवर देखरेख करणारा एक सरकारी आयोग १९७२ च्या कायद्याने स्थापन झाला. पडद्याच्या दोरीने मुले दगावल्याच्या नोंदी त्याच्याकडे जमू लागल्या. १९८१ ते १९९५ या काळात तिथे १८३ मुलांचा असा मृत्यू झाल्याचे दोन संशोधकांनी १९९७ मध्ये तिथल्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले.

१९९५ मध्ये आयोगाच्या आग्रहाने उत्पादकांनी दोरीची जोडलेली टोके सुटी केली. प्रश्न सुटला असे वाटले. पण आतल्या दोऱ्यांचा धोका तसाच होता. मग २००० च्या नोव्हेंबरात सुमारे साडेआठ कोटी पडदे दुरुस्तीसाठी 'रिकॉल' करण्यात आले. २००९ च्या डिसेंबरात रोमन आणि गुंडाळीच्या पडद्यांची पाळी आली. तो आकडा पाच कोटींच्या वर होता.

एवढे होऊनही मृत्यू थांबले नाहीत. १९९० ते २०१५ या सव्वीस वर्षांत अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात पडद्यांमुळे जखमी झालेली, सहा वर्षांखालची जवळजवळ सतरा हजार मुले आणली गेली, असा अंदाज नंतरच्या एका अभ्यासाने मांडला. त्यातली पुष्कळशी पडदा अंगावर पडून लागलेली होती. पण ज्या प्रकरणांची खोलवर चौकशी झाली, त्यांत जवळजवळ सगळीकडे मूल दोरीत अडकले होते आणि अशा दर तीन मुलांमागे दोन दगावली होती.

शेवटी तिथल्या जाणकारांनी निष्कर्ष काढला की, दोरी सांभाळा असे आईबापांना सांगून भागत नाही, दोरीच काढून टाकली पाहिजे. डिसेंबर २०१८ पासून तिथे दुकानात तयार मिळणारे पडदे बिनदोरीचे किंवा मुलाच्या हाताला दोरी लागणार नाही असे असले पाहिजेत, असा उद्योगाचा दर्जा ठरला. मापाप्रमाणे बनवून घेतलेल्या पडद्यांसाठी आयोगाने २०२२ मध्ये कडक नियम केला. उत्पादक न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. तरी उद्योगाच्या स्वतःच्या सुधारित दर्जानुसार जून २०२४ पासून तिथे अशा पडद्यांनाही मोकळी लोंबणारी दोरी चालत नाही. तीस वर्षांची ही ओढाताण! दोरी एवढीशी, पण ती तोडायला इतकी वर्षे लागली.

इतर देशांनीही आपापले नियम केले. ऑस्ट्रेलियात २०१० च्या अखेरीस सक्तीचा दर्जा आला. जमिनीपासून १.६ मीटरच्या खाली २२ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे वेटोळे होईल अशी मोकळी दोरी तिथे चालत नाही. युरोपात २०१४ पासून सुधारित दर्जा आहे. कॅनडात २०२२ पासून मुलाच्या हाताला लागेल अशी दोरी २२ सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही. आयकिया या स्वीडिश कंपनीने २०१० मध्ये अमेरिकेत तेहतीस लाखांहून अधिक पडदे परत मागवले आणि २०१६ च्या सुरुवातीपासून लोंबत्या दोरीचे पडदे विकणेच थांबवले. याच कंपनीची दुकाने पुढे डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला आणि जून २०२२ मध्ये बंगळूरला नागसंद्र येथे उघडली. म्हणजे बिनदोरीचा पडदा ही परदेशातली नवलाई राहिलेली नाही, तो आपल्या शहरात मिळतो.

रिकॉल म्हणजे काय?

रिकॉल म्हणजे विकलेला माल परत बोलावणे. वस्तूत धोका आढळला की उत्पादक स्वतःहून किंवा सरकारच्या आदेशाने जाहीर करतो, 'अमुक वस्तू वापरू नका. आम्ही ती दुरुस्त करून देऊ, बदलून देऊ किंवा पैसे परत करू.'

आपल्याकडे हा शब्द बहुतेकांना मोटारगाड्यांमुळे ठाऊक झाला. त्यानंतर २०१५ मध्ये मॅगी नूडल्सच्या निमित्ताने तो स्वयंपाकघरात शिरला. जून २०१५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या आदेशाने माल दुकानांतून परत गेला आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कोण बरोबर, कोण चूक हा वाद बाजूला ठेवू. दुकानात गेलेला माल परत येऊ शकतो, हे त्यावेळी घराघरांत कळले.

ग्राहकाच्या हक्काची भाषा मराठी घरांना मात्र त्याच्याही आधीपासून परिचयाची आहे. पुण्याचे बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ च्या सुमारास ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. गृहिणींचे गट एकत्र येऊन महिन्याचे सामान घेऊ लागले. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला, तो यानंतर.

२०१९ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. यात आईबापांच्या कामाच्या दोन मोठ्या गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. एखादी वस्तू धोकादायक किंवा असुरक्षित आहे असे चौकशीत आढळले तर ती परत बोलावण्याचा आणि ग्राहकांना पैसे परत देण्याचा आदेश हे प्राधिकरण देऊ शकते. ही तरतूद केवळ कागदावर नाही. आयएसआय चिन्ह नसलेले प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल प्राधिकरणाने २०२२ मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट या कंपन्यांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला. ॲमेझॉनवरून असे २,२६५ कुकर विकले गेले होते. त्या सर्व ग्राहकांना कळवावे, कुकर परत घ्यावेत आणि पैसे द्यावेत, असा आदेश निघाला. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयानेही ग्राहकांना कळवायला सांगितले.

दुसरी गोष्ट म्हणजे उत्पादनाची जबाबदारी. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर भरपाई मागता येते. आणि वस्तूत दोष म्हणजे केवळ मोडकी वस्तू नव्हे. योग्य वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत, चुकीच्या वापराबद्दल इशारा दिला नाही, तरी उत्पादक जबाबदार ठरू शकतो. विक्रेता आणि वस्तू बसवून देणारा यांनाही कायद्याने ठरावीक परिस्थितीत जबाबदार धरले आहे. 'क्लिप खोक्यात होती, पण कुणी मागितली नाही' हे उत्तर प्रत्येक वेळी चालेलच असे नाही.

रिकॉल तुमच्या दारापर्यंत कसा येणार?

रिकॉलची एक दुबळी बाजू मात्र ओळखून असावे. कंपनीला ग्राहक कोण हे ठाऊक असेल तरच ती त्याला कळवू शकते. मोटारीची नोंद असते, पडद्याची नसते. ताईच्या घरातल्या पडद्यावर कंपनीचे नाव नव्हते, त्याचे बिल कुणाकडे नव्हते आणि ज्याने तो विकत घेतला तो घर सोडून गेला होता. उद्या तो पडदा परत बोलावला, तरी ती हाक ताईच्या कानावर येणार कशी?

म्हणून मुलांच्या वापराची किंवा मुलांच्या हाताला लागणारी कोणतीही वस्तू घेताना पक्के बिल घ्या. त्यावर कंपनीचे नाव आणि वस्तूचा क्रमांक आहे का ते पाहा. वस्तूवरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. वस्तूची नोंदणी करण्याची सोय असेल तर आळस करू नका. दुसऱ्याने वापरलेली बाबागाडी, पाळणा किंवा खेळणे घेताना ते परत बोलावले गेले होते का याची चौकशी करा. मामाकडून भाच्याकडे वस्तू जाणे ही आपली रीत चांगलीच आहे, पण तिच्याबरोबर धोकाही जायला नको.

खेळण्यांच्या बाबतीत एक सोपी खूण आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. पडदा घेताना मात्र अशा चिन्हावर विसंबून चालायचे नाही. तिथे आपल्यालाच डोळे उघडे ठेवायला हवेत.

तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. तिथे मराठी आणि कन्नडसह सतरा भाषांत बोलता येते. धोकादायक वस्तूबद्दल जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार देता येते. कर्नाटकात या पदाला डेप्युटी कमिशनर म्हणतात. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क नाही.

आपल्या घरातल्या इतर दोऱ्या

पडदाच नाही म्हणून हा लेख आपल्यासाठी नाही, असे समजू नका. आपल्या घरांत दोऱ्या थोड्या का असतात?

बाल्कनीत कपडे वाळत घालण्यासाठी छताला टांगलेल्या दांड्या पाहा. त्या खाली-वर करायच्या दोऱ्या भिंतीच्या कडेला लोंबत असतात. पडद्याच्या दोरीचीच ही बहीण. साडीची झोळी तान्ह्या बाळाला ऊब देते. पण बाळ मोठे झाल्यावरही ती टांगलेली राहिली आणि मुले त्यात बसून गिरक्या घेऊ लागली, की पीळ बसून तिचा फास होतो. झोळीत मूल असताना मोठे माणूस जवळ हवे आणि रिकामी झोळी लगेच सोडून ठेवायला हवी. खुंटीवरची ओढणी, मच्छरदाणीच्या नाड्या, पाळण्यावर आडवी बांधलेली खेळण्यांची दोरी, या सगळ्यांकडे एकदा त्याच नजरेने पाहा.

गळ्यातल्या काळ्या दोऱ्याबद्दल बोलताना मी जरा कचरते. दृष्ट लागू नये म्हणून आजीने तो प्रेमाने बांधलेला असतो. पण तो पाळण्याच्या कठड्यात किंवा घसरगुंडीच्या खिळ्यात अडकू शकतो. आमच्या आईनेच यावर तोड काढली. तिने भाच्याच्या गळ्यातला दोरा सोडून कमरेला बांधला. "देवाला कुठे बांधलाय त्याच्याशी काय करायचंय!" असे ती म्हणाली.

घरी काय कराल?

● खिडकीजवळचा पाळणा, पलंग, दिवाण, खुर्ची आणि मूल चढू शकेल असे सारे फर्निचर दूर सरकवा. यात एक पैसाही लागत नाही. ताईने सगळ्यात आधी हेच केले.

● नवा पडदा घेताना बिनदोरीचा मागा. हाताने वर-खाली होणारा, दांडीने फिरणारा किंवा विजेवर चालणारा पडदा मिळतो. मुलांच्या खोलीत तर दुसरा पडदा नकोच. साधा कापडी पडदा दांडीवर लावला तर सर्वांत स्वस्त आणि निर्धोक.

● मण्यांची साखळी असेल तर ती भिंतीला क्लिपने घट्ट ताणून बसवून घ्या. क्लिप मोडकी किंवा सैल असेल तर ताबडतोब बदला.

● दोरी असेल तर जमिनीपासून दीड मीटरपेक्षा उंच खुंटी ठोकून प्रत्येक वापरानंतर दोरी तिला आठाच्या आकारात गुंडाळा. नुसती गाठ मारून ठेवू नका, गाठीनेही नवे वेटोळे तयार होते.

● दोन दोऱ्यांची टोके जोडलेली असतील तर ती सुटी करून घ्या.

● रोमन पडद्याची मागची बाजू उलटून पाहा. तिथे मोकळ्या दोऱ्या असतील तर मूल मोठे होईपर्यंत तो पडदा उतरवून ठेवा.

● भाड्याच्या घरात शिरताना सामान लावण्याआधी सगळ्या खिडक्या तपासा. मुलाच्या सुरक्षिततेसाठी भिंतीला भोके पाडावी लागतील हे घरमालकाला लेखी कळवा.

● पाळणाघर, बालवाडी आणि आजोळ यांच्या खिडक्याही पाहा. मूल दिवसाचे कितीतरी तास तिथे असते.

असा प्रसंग आलाच तर

प्रथम मुलाला खालून उचलून वर धरा, म्हणजे गळ्यावरचा भार कमी होईल. मग दोरी सोडवा किंवा कापा. श्वास चालू आहे का पाहा. नसेल तर छातीवर दाब देणे आणि तोंडाने श्वास देणे सुरू करा. दुसऱ्या कुणाला तरी १०८ किंवा ११२ क्रमांकावर फोन करायला सांगा. हे प्रथमोपचार प्रत्येक आईवडिलांनी आणि मूल सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनी शिकून घ्यायला हवेत. मूल लगेच खेळू लागले तरी डॉक्टरांना दाखवा. गळ्याला आतून सूज काही तासांनीही येऊ शकते.

दोन भोकांची गोष्ट

ताईने घरमालकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "इतकी वर्षं त्या घरात कुणाला काही झालं नाही." ताई शांतपणे म्हणाली, "काका, माझ्या आईला उठायला अर्धा मिनिट उशीर झाला असता तर झालं असतं." पलीकडे थोडा वेळ कुणी बोललेच नाही. मग ते म्हणाले, "मुली, हवी तेवढी भोकं पाड. आणि वरच्या मजल्यावरही माझंच घर आहे, तिथे पण लहान बाळ आहे. त्या कारागिराला तिकडेही पाठव."

त्या संध्याकाळी कारागिराने दोन्ही घरांतल्या सगळ्या साखळ्या भिंतीला अडकवल्या. जाताना तो म्हणाला, "आता मी प्रत्येक घरी विचारीन, लहान मूल आहे का?" तो विचारील की नाही ते मला ठाऊक नाही. पण आपण तर विचारू शकतो, शेजारणीला, वहिनीला, गणेशोत्सवात भेटणाऱ्या मैत्रिणीला.

आज दिवेलागणीला पडदे ओढाल तेव्हा घटकाभर खिडकीशी थांबा. गुडघ्यावर बसा, म्हणजे तुमची नजर तुमच्या मुलाच्या उंचीवर येईल. तिथून हाताला जी दोरी लागेल, ती उद्यावर न टाकता आजच वर बांधा.